पोटाची जखम शिवली, मग ड्रेनमधून हे काय येतंय?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. प्रश्न विचारणाऱ्याच्या 26 वर्षांच्या भावाला डाव्या कुशीत, बरगड्यांच्या जरा खाली सुरा लागला. त्याच रात्री पोट उघडून मोठ्या आतड्याची जखम शिवली. चार दिवस बरे गेले. सहाव्या दिवसापासून ताप, पोट फुगलेलं, आणि ड्रेनमधून, म्हणजे पोटात साचलेलं पाणी बाहेर आणणाऱ्या नळीतून, रोज 500 ते 600 मिली पिवळसर पाणी. दहाव्या दिवशी सर्जन म्हणाले, ‘लघवी गळतेय असं वाटतं, युरॉलॉजिस्टना बोलावतो.’ घरच्यांना तीन गोष्टी कळायला हव्या आहेत. पहिल्याच ऑपरेशनात हे दिसलं कसं नाही? किडनी काढावी लागेल का? आणि या नळ्या किती दिवस?

मी 22 वर्षं युरॉलॉजी, म्हणजे किडनी आणि मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रिया, करतोय. त्यातली बरीच बोलावणी अशीच येतात: पोटाचं ऑपरेशन होऊन आठवडा उलटलेला, रुग्ण धड बरा नाही आणि धड बिघडलेलाही नाही, आणि कोपऱ्यात लटकलेली ड्रेनची पिशवी भरत चाललेली. रुग्णाला न तपासता मी निदान करू शकत नाही. पण तुमच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडेल एवढं नक्की सांगता येईल.

पहिला प्रश्न सगळ्यात अवघड आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो.

त्या रात्री सर्जन पोटात दोन गोष्टी शोधत असतो, रक्त आणि मळ. रक्तस्राव काही मिनिटांत जीव घेऊ शकतो. आतड्यातला मळ पोटात सांडला तर तास मोजावे लागतात. लघवीचं तसं नसतं. निरोगी माणसाची लघवी सुरुवातीला जवळजवळ जंतुविरहित असते, ती हळूहळू झिरपते आणि पोटाच्या मागच्या बाजूला मुकाट्याने साचत राहते. त्रास जाणवायला बरेच दिवस जातात.

शिवाय मूत्रवाहिनी, म्हणजे किडनीतून लघवी खाली मूत्राशयात आणणारी नळी, साधारण 25 सेंटीमीटर लांब आणि जेमतेम 3-4 मिलिमीटर जाड असते. ती आतड्यांच्या मागे, पोटाच्या आतल्या पडद्याला मागून चिकटून जाते. सगळं स्वच्छ असेल तर ती ओळखायची एक जुनी खूण आहे: चिमट्याने हलकेच टोचलं की ती गांडुळासारखी वळवळते. शेजारची रक्तवाहिनी वळवळत नाही. पण तिथे रक्ताचा गोळा साचून सगळे थर जांभळे झाले असतील, वर भूलतज्ज्ञ ‘बीपी पडतंय, आटपा’ म्हणत असेल, तर त्या जांभळ्या चिखलात 3 मिलिमीटरची नळी शोधत बसणं शहाणपणाचं नसतं. अशा वेळी रक्त थांबवायचं, आतडं सांभाळायचं आणि रुग्णाला जिवंत आयसीयूत पोचवायचं, हाच निर्णय बरोबर असतो.

‘पण लघवीत रक्त नव्हतं, म्हणून आम्ही निश्चिंत होतो,’ असं नातेवाईक सांगतात, आणि कधी कधी डॉक्टरही. इथेच फसगत होते. मूत्रवाहिनीला इजा झालेल्या रुग्णांपैकी निदान पाव रुग्णांच्या लघवीत रक्त सापडत नाही, सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा नाही. कारण सोपं आहे. नळी पूर्ण तुटली असेल तर त्या बाजूची लघवी, रक्तासकट, पोटात सांडते. मूत्राशयात येते ती दुसऱ्या, धडधाकट किडनीची स्वच्छ लघवी. किडनीला किंवा मूत्राशयाला जखम असेल तर बहुधा रक्त दिसतं. मूत्रवाहिनीच्या बाबतीत मात्र स्वच्छ लघवीवर भरवसा ठेवू नये.

सीटी स्कॅनचंही असंच. शिरेतून दिलेलं, चित्रात उठून दिसणारं औषध आधी रक्तवाहिन्यांत दिसतं, मग किडनीच्या मांसात, आणि काही मिनिटांनी लघवीबरोबर नळीत उतरतं. गळती पकडायची तर साधारण दहा मिनिटं थांबून पुन्हा चित्रं घ्यावी लागतात. घाईच्या रात्री रुग्णाला मशिनवर दहा मिनिटं ताटकळत ठेवणं नेहमी जमत नाही. आणि अत्यवस्थ रुग्ण तर सीटी न करताच थेट ऑपरेशन टेबलावर जातो.

आणखी एक कारण आहे, ते गोळीच्या जखमेत जास्त दिसतं. वेगाने जाणारी गोळी नळीला न शिवता बाजूने गेली तरी तिच्या धक्क्याने आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्या मरतात. ऑपरेशनच्या वेळी नळी अखंड दिसते, फार तर खरचटल्यासारखी. चार-सहा दिवसांनी तो तुकडा काळा पडून गळून जातो. म्हणजे पहिल्या रात्री भोक नव्हतंच, ते नंतर पडलं. सुऱ्याच्या जखमेत हे कमी होतं, पण रक्त थांबवताना डायथर्मीचा (विजेने रक्तवाहिन्या बंद करणाऱ्या उपकरणाचा) चटका नळीजवळ लागला किंवा नळीभोवतीचं रक्ताभिसरण सोललं गेलं तर तिथेही होऊ शकतं.

तेव्हा पहिल्या रात्री दिसलं नाही म्हणून मी सर्जनला दोष देणार नाही. सहाव्या ते दहाव्या दिवसाबद्दल मात्र विचारायला हरकत नाही. ताप, फुगलेलं पोट आणि रोज अर्धा लिटर पिवळं पाणी हे जुळून आल्यावर ते पाणी कोणत्या दिवशी तपासायला पाठवलं? माझ्या अनुभवात उशीर होतो तो इथे.

ती तपासणी अगदी साधी असते. ड्रेनमधलं पाच मिली पाणी आणि त्याच वेळी काढलेलं रक्त, दोन्हींतलं क्रिएटिनीन, म्हणजे किडनी लघवीवाटे बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, मोजायचं. पोटात साचलेलं साधं पाणी किंवा लिम्फ असेल तर दोन्ही आकडे जवळपास सारखे येतात. लघवी असेल तर ड्रेनचा आकडा कित्येक पटींनी जास्त येतो. एका तरुणाचं मला अजून आठवतं. अकरावा दिवस होता. फाइलवर रोज तेच लिहिलेलं: ‘ड्रेन सिरस (पातळ पिवळसर पाणी), 400 मिली.’ ड्रेसिंग बदलणाऱ्या सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘सर, सिरस वगैरे ठीक आहे, पण याच्या चादरीला लघवीचा वास येतो.’ पाणी पाठवलं. रक्तात क्रिएटिनीन 1.4, ड्रेनमध्ये 38. निदान त्या चादरीच्या वासात होतं, आम्ही सगळे आकडे लिहीत बसलो होतो.

रक्तातलं क्रिएटिनीन चढलं की सगळे ‘किडनी फेल’ म्हणून घाबरतात. लघवी पोटाच्या पोकळीत मोकळी सांडत असेल तर तिथला पडदा ती शोषून पुन्हा रक्तात टाकतो, आणि किडन्या ठणठणीत असूनही युरिया, क्रिएटिनीन, पोटॅशियम वर जातात. मूत्राशय वरच्या बाजूला फाटलेला असला की हे हमखास होतं. डायलिसिसची तयारी झालेल्या एका रुग्णाला आम्ही फक्त कॅथेटर (मूत्राशयातली नळी) नीट बसवून पोटातली लघवी काढून टाकली. दोन दिवसांत आकडे खाली आले. अर्थात जखमी माणसाच्या किडन्या खरोखरही बिघडतात: रक्तस्रावाच्या धक्क्याने, जंतुसंसर्गाने, काही अँटिबायोटिकांनी. लघवी एकाएकी कमी झाली तर आधी कॅथेटर रक्ताच्या गुठळीने तुंबलेला नाही ना, ते सलाइनने धुऊन पाहायचं. मग पोटातला दाब. तो मूत्राशयात 25 मिली सलाइन सोडून कॅथेटरमधूनच मोजता येतो, आणि 20 मिलिमीटर पाऱ्याच्या वर टिकून एखादं इंद्रिय थकायला लागलं तर पोट पुन्हा उघडून मोकळं करावं लागतं.

आता गळती कुठून? दहा मिनिटं थांबून घेतलेला सीटी बहुतेक वेळा सांगतो. नाहीतर दुर्बिणीने खालून नळीत औषध सोडून एक्स-रेवर पाहतात. मूत्राशयाची शंका असेल तर कॅथेटरमधून निदान 300 मिली औषध भरून सीटी करायला हवा. नुसता कॅथेटर बंद करून मूत्राशय आपोआप भरायची वाट पाहिली तर छोटं भोक सुटून जातं, आणि ‘मूत्राशय नॉर्मल’ असा खोटा दिलासा मिळतो.

किडनीतूनच गळत असेल तर बातमी बरी आहे. अशा बहुतेक गळती आपोआप बुजतात. साचलेली लघवी थोडी असेल, ताप नसेल, तर नुसती सोनोग्राफीने नजर ठेवायची. ताप आला किंवा साठा वाढत गेला की आत डीजे स्टेंट (किडनीपासून मूत्राशयापर्यंत जाणारी बारीक लवचिक नळी) घालून लघवीला सोपी वाट करून द्यायची आणि बाहेरून सुईने साठा काढायचा.

मूत्रवाहिनी अर्धवट कापली गेली असेल आणि स्टेंट त्या जागेतून वर सरकला, तर पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. स्टेंट पुढे जातच नसेल, म्हणजे नळीची दोन टोकं लांब गेलेली असतील, तर पाठीतून किडनीत नळी घालून लघवी बाहेर वळवायची. ही नेफ्रोस्टॉमी. आणि मग थांबायचं.

या थांबण्यावरून घरच्यांशी सगळ्यात जास्त वाद होतो. ‘भोक माहीत आहे, मग लगेच शिवत का नाही?’ इजा पहिल्या चार-सहा दिवसांत कळली आणि रुग्ण स्थिर असेल, तर लगेच शिवतातही. पण दहाव्या-बाराव्या दिवशी, लघवीत भिजलेल्या आणि पू झालेल्या जागेत ऊती ओल्या टीपकागदासारख्या असतात. टाका घातला की फाटतो. आतडी एकमेकांना चिकटलेली असतात, त्यांना सोडवताना नवी भोकं पडतात. दीड ते तीन महिने थांबलं की सूज उतरते, रुग्णाचं वजन भरतं, आणि तेच ऑपरेशन निम्म्या त्रासात होतं. घाईने केलेली दुरुस्ती पुन्हा गळाली तर तिसरी संधी अवघड असते.

तुमच्या भावाच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम विचारा. मोठं आतडं शिवलेली जागा आणि गळतीची जागा शेजारी-शेजारी आहेत का? दोन शिवणी एकमेकींना टेकलेल्या असल्या की एक बिघडली की दुसरी बिघडते, आणि मधून वाट पडून फिश्चुला होऊ शकतो. म्हणून दुरुस्ती करताना आम्ही पोटातल्या चरबीची चादर, ओमेंटम, दोन्हींच्या मधे आणून बसवतो. लघवीतून हवेचे बुडबुडे येणं, लघवीला मळकट रंग किंवा वास येणं, ही अशा वाटेची खूण. रुग्ण हे सांगायला लाजतात, तुम्ही विचारा.

किडनी काढावी लागेल का? बहुधा नाही. इतिहासात मात्र याच दुखण्यापायी किडनी काढायची सुरुवात झाली. 1869 साली हायडेलबर्गच्या गुस्ताव सिमोन या सर्जननी ठरवून केलेली पहिली यशस्वी किडनी काढण्याची शस्त्रक्रिया रक्तस्रावासाठी नव्हती की गाठीसाठी नव्हती. आधीच्या ऑपरेशनात मूत्रवाहिनीला इजा होऊन एका स्त्रीची लघवी सतत गळत होती. एका किडनीवर जगता येतं का, हे त्यांनी आधी कुत्र्यांवर तपासून पाहिलं होतं. तेव्हा गळती थांबवायचा तोच खात्रीचा मार्ग होता.

आज आमच्याकडे बरेच मार्ग आहेत. वरच्या किंवा मधल्या भागात थोडा तुकडा गेला असेल तर दोन्ही टोकं ताजी, रक्त येईपर्यंत छाटून, तिरकी कापून, आत स्टेंट ठेवून विरघळणाऱ्या बारीक धाग्याने ताण न देता जोडतात. खालचा भाग गेला असेल तर जोडत बसण्यापेक्षा नळी मूत्राशयात नव्याने रोवणं बरं. अंतर पडलं तर मूत्राशय वर ओढून मांडीकडे जाणाऱ्या सोआस स्नायूला टाचतात, किंवा मूत्राशयाचाच एक पदर कापून त्याची नळी करतात. फारच मोठा तुकडा गेला तर लहान आतड्याचा भाग वापरता येतो. किडनी काढायची वेळ येते ती किडनीचा चुराडा झालेला असला, मूळ रक्तवाहिनी तुटलेली असली, किंवा उशिरामुळे किडनीचं काम जवळजवळ संपलेलं असलं तर. आणि तेव्हाही दुसऱ्या किडनीचं काम मोजल्याशिवाय कुणी हात लावत नाही.

नळ्यांचा प्रश्न. मूत्राशयातला फोली कॅथेटर, आतला स्टेंट, पोटातला ड्रेन, कदाचित पाठीतली नेफ्रोस्टॉमी, असा पसारा पाहून रुग्ण म्हणतो, ‘स्टेंट आहे ना, मग खालचा कॅथेटर तरी काढा.’ तो का ठेवतो, त्याचं कारण सांगतो. स्टेंटमुळे मूत्रवाहिनीचं तोंड उघडं राहतं. लघवी करताना मूत्राशय आवळला की लघवी त्याच स्टेंटमधून उलटी वर चढते आणि भरत आलेल्या जखमेवर जोर पडतो. कॅथेटर घाईने काढला आणि दुसऱ्या दिवशी ड्रेन पुन्हा भरला, हे मी अनेकदा पाहिलं आहे. म्हणून सहसा आधी गळती थांबते, मग फोली निघतो, एक-दोन दिवस ड्रेनवर लक्ष ठेवून तो कोरडा राहिला तर ड्रेन निघतो. स्टेंट साधारण सहा आठवडे राहतो. मूत्राशयाला टाके घातले असतील तर कॅथेटर दहा-चौदा दिवस ठेवून, औषध भरून एक्स-रे काढून मगच काढतात.

कॅथेटर असेपर्यंत दर दिवसाला 3 ते 7 टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू येतात. महिनाभर राहिला तर जवळजवळ सगळ्यांच्याच येतात. ताप नाही, थंडी वाजत नाही, फक्त रिपोर्टमध्ये जंतू आहेत, तर सहसा अँटिबायोटिक देऊ नये. उगाच दिलं तर पुढच्या वेळी खरी गरज असताना औषध चालत नाही. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवा, जमिनीला टेकू देऊ नका, आणि जोड सारखा उघडू नका. नेफ्रोस्टॉमीची नळी कातडीला दोन ठिकाणी चिकटवा. ती निसटली तर सकाळची वाट पाहू नका. वाट काही तासांत बुजायला लागते.

स्टेंटचा त्रास सगळ्यांना थोडाफार होतो: सारखी लघवीला जाण्याची भावना, लघवी करताना कुशीत कळ, चालणं-फिरणं जास्त झालं की गुलाबीसर लघवी. याला घाबरायचं कारण नाही, टॅम्सुलोसिनसारख्या गोळीने बरंच हलकं होतं.

घाबरायचं ते वेगळ्या रक्ताला. किडनीला सुरा लागलेल्या रुग्णात, सगळं शांत झाल्यावर एक ते तीन आठवड्यांनी, कधी घरी गेल्यावर, अचानक लालभडक लघवी आणि गुठळ्या सुरू होतात. आतली छोटी धमनी अर्धवट कापलेली असते, तिच्यावर फुगा आलेला असतो आणि तो फुटतो. हे पाणी पिऊन थांबणार नाही. थेट तातडीच्या विभागात जायचं आणि ‘इतक्या दिवसांपूर्वी सुरा लागला होता’ हे पहिल्या वाक्यात सांगायचं. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी नेऊन ती धमनी आतूनच बंद करता येते, आणि बहुतेक वेळा किडनी वाचते. या काळात भावाने जड उचलू नये.

स्टेंट काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या आणि घरात एकाने ती स्वतःकडे ठेवा. रुग्णाला बरं वाटायला लागलं की तो स्टेंट विसरतो. सहा-आठ महिने राहिलेल्या स्टेंटवर दगड चढतात. मग पाच मिनिटांत निघणाऱ्या नळीसाठी मोठं ऑपरेशन करावं लागतं. स्टेंट निघाल्यावरही काम उरतं, कारण जखम भरताना मूत्रवाहिनी आकसू शकते आणि ते बिनदुखत होतं. किडनी मागे फुगत जाते, दुखत नाही, एका बाजूचं काम संपतं आणि रक्तातलं क्रिएटिनीनही बदलत नाही, कारण दुसरी किडनी ओझं उचलते. म्हणून स्टेंट काढल्यावर साधारण सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि वर्षाने सोनोग्राफी. किडनी फुगलेली दिसली तर प्रत्येक किडनीचं काम वेगळं मोजणारा रीनल स्कॅन.

शेवटची गोष्ट रक्तदाबाची. 1939 साली अर्व्हिन पेज या अमेरिकी डॉक्टरांनी कुत्र्यांच्या किडनीभोवती सेलोफेन गुंडाळलं. त्याने किडनीभोवती घट्ट कवच तयार झालं, ती दाबली गेली आणि रक्तदाब चढला. माणसात हेच काम किडनीभोवती साचून घट्ट झालेलं रक्त करू शकतं, कधी इजेनंतर महिन्यांनी तर कधी वर्षांनी. तेव्हा भाऊ पुढे कधी साध्या सर्दीसाठी दवाखान्यात गेला तरी बीपी मोजून घ्यावा, आणि तो जास्त निघाला तर डाव्या कुशीतला तो व्रण डॉक्टरांना दाखवावा.